अंगठ्यावरचा पक्का रंग

भानुमतीच्या लेखी जगात आईबापांचे दोनच प्रकार होते: पोराला वेळेवर टोचून घेणारे, आणि गाढव. तिसरा प्रकार तिला कधी भेटला नाही, आणि भेटला असता तरी तिनं त्याला दुसऱ्यातच ढकललं असतं. तेहेतीस वर्षं सरकारी नोकरीत सुया टोचण्यात गेली होती. तिच्या हाताखालून किती दंड आणि किती मांड्या गेल्या ते वह्यांत सापडेल, पण तिनं किती आयांना रडवलं ते कुठल्या वहीत सापडणार?

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या आरोग्य केंद्रात दर गुरुवारी साडेनऊला ती लोखंडी कपाट उघडायची, लसींचा निळा बर्फडबा टेबलावर ठेवायची आणि बाकावर बसलेल्या आयांकडे अशी बघायची, की निम्म्या जणी आपापली कार्डं पुन्हा एकदा चाचपायच्या. कार्ड विसरून आलेली असली तर मग संपलंच. "पोराला आणायचं तेवढं विसरली नाहीस, देवाची कृपा!" हे ती कन्नडमध्ये म्हणायची, कारण अपमान केला तर तो समोरच्याला कळायला नको? मराठी होती ती घरातली, आणि तीही अशी की दोन शब्द मराठी निघाले की तिसरा कन्नड आलाच.

नोकरीची पहिली अकरा वर्षं हुणसूरकडच्या खेड्यांत गेली. तंबाखूच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या बायका पाच-पाच मैल चालत यायच्या. अंगाला पानांचा कडवट वास, कडेवर पोर, आणि तोंडात एकच वाक्य, "सिस्टरम्मा, टोचा." प्रश्न नाही, शंका नाही. त्या बायकांची आठवण काढताना भानुमतीचा आवाज चक्क मऊ व्हायचा. मग शहरात बदली झाली आणि शिकलेल्या लोकांशी गाठ पडली. इथली आई स्कूटरवरून येते, मागून बाप येतो मोबाइल धरून. "सिस्टर, यात पारा असतो म्हणे?" "सिस्टर, परदेशात हे आता बंद केलंय म्हणे?" म्हणे, म्हणे, म्हणे! कोण म्हणे? एकाला तिनं विचारलंच, "काल हॉटेलात डोसा खाल्लास, तेव्हा तव्यावर काय काय लावलं होतं ते विचारलं होतंस का?" त्या बिचाऱ्यानं मोबाइल खिशात घातला. आपण जिंकलो असं भानुमतीला वाटलं. तिला नेहमीच तसं वाटायचं.

नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला होता, मूलबाळ नव्हतं. जवळचं माणूस म्हणजे थोरला भाऊ जगन्नाथराव, आणि त्याचं सरस्वतीपुरममधलं घर. घराणं भावसारांचं, रंगाऱ्यांचं. बापानं आयुष्यभर लुगडी रंगवली, जगन्नाथरावांनी जुन्या बाजारातलं रंगाईचं दुकान साठीपर्यंत चालवलं, आणि मग गिऱ्हाईक नाही म्हणून कुलूप घातलं. पण माणसाचे हात काही कुलपात राहत नाहीत. घराच्या मागच्या पडवीत त्यांनी चार घमेली आणि दोन मडकी मांडलीच. सून विद्याश्री सुरुवातीला नाक मुरडायची. मग तिला धनुष झाला, तो त्या रंगाच्या पाण्यातच रमायला लागला, आणि त्या पडवीशिवाय तिचा दिवस ढळेनासा झाला.

धनुष म्हणजे भानुमतीचा जीव की प्राण. हे तिनं कधी तोंडानं कबूल केलं नाही, पण तो जन्मला त्या दिवशी तिनं केंद्रात पेढे वाटले होते आणि कोणालाही ओरडली नव्हती. लोक दोन दिवस तेच बोलत होते.

आता या पोराच्या सुयांचं कसं झालं ते ऐका. नऊ महिन्यांचा झाला तेव्हा विद्याश्री त्याला गोवराच्या सुईसाठी घेऊन आली. एका कुपीत पाच पोरांचं औषध, एकदा कुपी फोडली की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. त्या दिवशी धनुष एकटाच होता. एका पोरासाठीसुद्धा फोडा असं सरकारच म्हणतं, पण सरकारला काय जातंय म्हणायला? औषध वाया घालवणं भानुमतीच्या रक्तातच नव्हतं. "पुढच्या गुरुवारी ये," ती म्हणाली. पुढच्या गुरुवारी पोराला ताप होता. त्यानंतर विद्याश्री माहेरी गेली. मग राहून गेलं ते राहूनच गेलं.

पहिल्या वाढदिवसाला भानुमती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली होती. पोरगं स्टीलची ताटली उभी धरून गरगर फिरवत होतं. ताटली पडली की पुन्हा उभी, पुन्हा गरगर. भानुमतीनं हाक मारली, "धनू." त्यानं मान वळवली नाही. तिनं पुन्हा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली, कानाशी टिचकी वाजवली. टिचकीला वळला, नावाला नाही. त्याच वर्षी तिच्या प्रशिक्षणात हे सगळं शिकवलं होतं, कागदसुद्धा दिला होता. तो कागद तिला लख्ख आठवला. पण लोक जेवत होते, विद्याश्री नव्या साडीत मिरवत होती, आणि पोरांत रोग शोधत बसणाऱ्या बायकांची भानुमतीला शिसारी होती. ती मूग गिळून बसली. कोणाला काही बोलली नाही.

दीड वर्षाचा झाला तेव्हा त्रिगुणीचा डोस तिनं स्वतः टोचला. गोवराची कुपी त्या दिवशीही फोडली नाही, पोरं दोनच होती. त्या दिवशी ताप आला, मांडी सुजली, दोन दिवसांत उतरलं. असं हजारो पोरांना होतं. पण त्यानंतरच्या दोन महिन्यांत धनुषचे होते ते दोन शब्दही गेले. "अज्जा" म्हणायचा आजोबांना, आणि पाणी हवं असलं की "नीरू". एक एक करून दोन्ही गेले. पुढे बंगळुरात निदान झालं, स्वमग्नता. आईच्या मनात दोन तारखा शेजारी शेजारी बसल्या: सुईची आणि शब्द गेल्याची. बसणारच हो! तिच्या जागी दगड असता तरी बसल्या असत्या.

त्यानंतर एकदा विद्याश्री केंद्रात आली. एकटीच, पोराला न घेता. बाक भरलेला होता. टेबलाशी येऊन तिनं हळू आवाजात विचारलं, "आत्ते, राहिलेली सुई दिली तर त्याला आणखी काही होणार नाही ना?"

भानुमती सुईत औषध भरत होती. मान वर न करता म्हणाली, "आणखी काय व्हायचं राहिलंय त्याचं?"

बाकावरच्या दोघी हसल्या. विद्याश्री हसली नाही. ती पाठ फिरवून चालती झाली, आणि पुढची सहा वर्षं त्या पोराला कुठलीच सुई लागली नाही. सणावारी भानुमती घरी गेली की ताट वाढून मिळायचं, "अजून घ्या आत्ते" होत राहायचं, पण धनुष कसा आहे म्हटलं की उत्तर एकच: "बरा आहे."

भाचा पवनकुमार, म्हणजे धनुषचा बाप, तर विचारूच नका. कुठल्याशा कंपनीत संगणकापुढे बसतो, काय करतो ते त्याच्या बापालाही सांगता यायचं नाही. पण लसीवर बोलायला लागला की जणू लस यानंच शोधली. मोबाइलवर एका गोऱ्या बाईचं भाषण ऐकायचा आणि भानुमतीला पाठवायचा. ती न ऐकता पुसून टाकायची. शंभर वर्षं कपड्याला कुठला रंग धरतो आणि कुठला सुटतो हे डोळ्यांनी बघून ठरवणाऱ्या घराण्यात हा दीडशहाणा निपजला, ज्याला डोळ्यांपेक्षा मोबाइल खरा!

मग गोवर-रुबेलाची मोठी मोहीम आली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंत प्रत्येक पोराला सुई, आणि सुई दिली की डाव्या अंगठ्यावर, नखापाशी, काळ्या मार्करची खूण. भानुमतीच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. जाताना आपल्या हद्दीतलं एकही पोर सुटलेलं नसावं, एवढी एकच हौस तिला उरली होती.

हद्दीत एक विशेष शाळा होती. धनुष तिथंच जायचा. तिथले पालक अडून बसले, म्हणून समजूत घालायला भानुमतीला पाठवलं. कोणाला, तर भानुमतीला! ज्यानं हा हुकूम काढला त्याच्या बुद्धीलाही नमस्कार.

सभेत वेंकटेश नावाचे एक गृहस्थ उठले. कॉलेजात शिकवायचे, मुलगी त्याच शाळेत, आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे स्वयंघोषित पुढारी. आधी घसा खाकरला, मग चष्मा पुसला. "सिस्टर, आमच्या मुलांच्या मेंदूची घडण वेगळी आहे. सगळ्यांना मानवतं ते यांना मानवेलच असं नाही. तुम्ही तशी लेखी हमी देणार का?"

"हमी मिक्सरला मिळते," भानुमती म्हणाली. "पोराला नाही. तुमची मुलगी जन्मली तेव्हा हमीपत्र घेतलं होतंत काय?"

हशा पिकला. वेंकटेश लालेलाल होऊन खाली बसले. त्यांचा प्रश्न खरं तर मूर्खपणाचा नव्हता. विचारण्याचा थाट मूर्खपणाचा होता, आणि भानुमतीनं थाटाला उत्तर दिलं, प्रश्नाला दिलं नाही. शेवटच्या रांगेत विद्याश्री बसली होती. तिच्या हातात एक कागद होता, वरपासून खालपर्यंत लिहिलेला. हशा ओसरला तेव्हा तिनं तो घडी करून पर्समध्ये टाकला. भानुमतीला ते दिसलं. लिहून आणलंय म्हणे, परीक्षेला बसल्यासारखं, असं तिच्या मनात आलं.

शाळेत एक्केचाळीस मुलं होती. सव्वीस जणांच्या पालकांनी नकार लिहून दिला. "गाढवं," भानुमती म्हणाली आणि बसमध्ये बसली.

मोहिमेचे शेवटचे दिवस घरोघरी फिरण्याचे. केंद्रातली नवी नर्स प्रार्थना सरस्वतीपुरमच्या गल्ल्या करून आली आणि म्हणाली, "सिस्टर, तुमच्या अण्णांच्या घरचंही झालंय. मी अंगठा बघितला, चांगला काळाकुट्ट आहे. डॉक्टरांकडे नेलं होतं, मुलाची आई म्हणाली."

भानुमतीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ठिकाणावर आली म्हणायची अक्कल! मी शब्दाचा फटका मारला तो लागला शेवटी. त्या दिवशी तिनं प्रार्थनाला स्वतःच्या डब्यातली चित्रान्नाची अर्धी मूद दिली. आता धनुष आपला हात कोणालाही धरू देत नाही, नख कापायचं तर झोपेत कापावं लागतं, मग त्याचा अंगठा धरून एवढी सुबक खूण कोणी काढली, हा साधा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडला नाही. जिंकलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

अठरा दिवसांनी, मंगळवारी दुपारी, त्या विशेष शाळेतून फोन आला. रक्षित नावाच्या मुलाला गोवर निघाला होता. नऊ वर्षांचा, फिट्स येणारा मुलगा. नकार देणाऱ्या सव्वीस घरांतला एक. आठवडाभर तो आजोळी होता, सोमवारीच शाळेत आला, दिवसभर नाक गळत वर्गात बसला, आणि मंगळवारी सकाळी कानामागून पुरळ उठलं. दम लागला म्हणून दुपारी रुग्णालयात नेलं, तिथं ऑक्सिजन लावला. गोवर एका वर्गात शिरला की न टोचलेलं पोर सहसा सोडत नाही. पण लागण झाल्यापासून तीन दिवसांच्या आत सुई दिली तर पुष्कळदा निभावतं. म्हणजे गुरुवार सकाळपर्यंत.

भानुमतीनं रक्षितच्या वर्गातल्या मुलांची यादी मागवली. एकाच बाकावर शेजारी: धनुष. तिनं पिशवी उचलली आणि मग परत ठेवली. त्याचं झालंय की! तरीही तिचे पाय केंद्रातून निघाले ते थेट सरस्वतीपुरमच्या बसकडे वळले.

चार वाजले होते. मागच्या पडवीत जगन्नाथराव चटईवर बसले होते आणि धनुष घमेल्यात कोपरापर्यंत हात घालून तांबूस पाणी ढवळत होता. त्या हातांना एरवी आईसुद्धा शिवू शकत नसे, पण अज्जानं मनगट धरून रंगात बुडवलं तर तो खुशाल बुडवू द्यायचा. भानुमती जवळ जाऊन बसली. पोरानं हात बाहेर काढले, डावा अंगठा स्वतःच्या नाकाशी नेऊन हुंगला, आणि काय मनात आलं कोण जाणे, तोच अंगठा तिच्या नाकाखाली धरला.

काळा, एकसारखा, कडा रेखीव. अठरा दिवसांनंतरही! गल्लीतल्या इतर पोरांच्या अंगठ्यावरचा मार्कर केव्हाच धुऊन गेला होता. आणि वास! आंबलेला गूळ आणि गंज. भानुमती साठीला आली होती, पण त्या वासानं ती एका क्षणात सात वर्षांची झाली. बापाच्या अंगणात मडक्यात गूळपाणी आणि गंजकी लोखंडं मुरत असायची. हिरड्याच्या पाण्यात बुडवलेल्या लुगड्यावर ते पाणी पडलं की लुगडं काळंभोर व्हायचं, आणि ते लुगडं फाटायचं पण काळं उतरायचं नाही.

"अण्णा," ती म्हणाली. "हे तू केलंस."

जगन्नाथरावांनी मान खाली घातली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पाटी फोडलेल्या पोरासारखा बसला.

"अरे, खोटं करायचं तर खोट्यासारखं तरी करायचं! दुकानातून मार्कर आणला असतास तर आठ दिवसांत गेला असता, मला कधी कळलं नसतं. तुला हिरडा आणि लोखंडच सापडलं?"

"कच्चा रंग मला लावता येत नाही ग, भानू," जगन्नाथराव पुटपुटले. "दोनदा हात दिला. फिका वाटत होता."

फिका वाटत होता! लबाडी करतानाही याला कामात कसूर चालत नाही. भानुमतीला हसावं की कपाळ फोडून घ्यावं ते कळेना. "रंग पक्का आणि अक्कल कच्ची," ती ओरडली. "रक्षितला गोवर निघालाय. ऑक्सिजनवर आहे. काल दिवसभर हा त्याला चिकटून बसला होता. परवा सकाळपर्यंत सुई गेली नाही तर तुझ्या या पक्क्या रंगाचा काय उपयोग होणार आहे, सांग!"

आवाज ऐकून विद्याश्री दारात आली. मागे पवनकुमार, घरूनच काम करत होता तो, कानात ते यंत्र तसंच.

"आत्ते, हे बघा," पवनकुमार सुरू झाला, "नैसर्गिक संसर्ग झाला तर शरीर स्वतःच..."

"गप बस!" भानुमती म्हणाली. "रक्षितच्या आईला जाऊन सांग हे नैसर्गिक. रुग्णालयाच्या दारात उभी आहे ती." पवनकुमार दोन पावलं मागे सरला. त्याच्या ज्ञानाची खोली तेवढीच होती.

विद्याश्री मात्र पुढे आली. तिचा आवाज चढलाही नाही. "रंग लावायला मी सांगितलं मामंजींना. त्यांना बोलू नका. तुम्ही माझ्या पोराला हात लावू नये म्हणून लावला. तुम्हाला आठवतं, मी काय विचारलं होतं आणि तुम्ही काय म्हणाला होतात?"

भानुमतीला आठवत होतं. शब्दन्‌शब्द आठवत होतं, आणि ते विसरलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटत होतं.

"आणखी काय व्हायचं राहिलंय त्याचं," विद्याश्रीनंच म्हणून दाखवलं. "मरायचं राहिलंय आत्ते. आता तुम्ही ते सांगायला आलात. सहा वर्षांपूर्वी मी तेच विचारत होते."

नेहमीची भानुमती असती तर एक तोंडात मारणारं उत्तर तिच्याकडे तयार असतं. या वेळी जे सात वर्षं गिळून ठेवलं होतं ते बाहेर आलं, कसंबसं, अडखळत.

"त्याला सुईनं काही झालं नाही, विद्या. मला ठाऊक आहे. पुस्तकातलं नाही सांगत. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी शेजारी बसले होते. ताटली फिरवत होता. मी तीन हाका मारल्या, वळला नाही. टिचकीला वळला. ती सुई नंतर सहा महिन्यांनी दिली मी. त्याच दिवशी मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"लोक जेवत होते," भानुमती म्हणाली. स्वतःच्या कानांना ऐकू आलं तेव्हा ते किती क्षुद्र वाटलं! "तू नवी साडी नेसली होतीस."

विद्याश्रीनं तिच्याकडे पाहिलं. भानुमतीनं आयुष्यभर शेकडो आयांकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं ती नजर कशी असते, ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा समोरून कळलं. "सहा वर्षं," विद्याश्री म्हणाली, "मी माझ्या हातांनी त्याला तुमच्यापुढे धरलं म्हणून रडत होते. ते तुमच्याजवळ होतं, आणि तुम्ही दिलं नाहीत." ती आत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. भानुमतीला कोणी चहा विचारला नाही.

बुधवार गेला. भानुमतीनं फोन केला नाही, कारण काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. नोकरीत हे पहिल्यांदाच घडलं. संध्याकाळी कळलं की रक्षितची तब्येत आणखी बिघडलीय. वेंकटेश नावाचे ते पुढारी सकाळीच मुलीला घेऊन मुकाट्यानं सुई घेऊन गेले होते. चष्मा न पुसता.

गुरुवारी साडेनऊला कपाट उघडलं. सणाचा दिवस, बाक रिकामा. पावणेदहाला फाटकाशी ऑटो थांबली. जगन्नाथराव उतरले, त्यांच्या हातात एक पितळी वाटी आणि पिवळ्या पाण्याची बाटली. मग धनुष, आणि त्याच्या मागून विद्याश्री. पवनकुमार नव्हता. बरंच झालं.

भानुमती उठून उभी राहिली. विद्याश्री टेबलाशी आली, पण बोलली प्रार्थनाशी. "सुई तुम्ही द्या. यांनी हात लावायचा नाही."

प्रार्थनानं घाबरून भानुमतीकडे पाहिलं. "सिस्टर, एकच मूल आहे. कुपी..."

"फोड," भानुमती म्हणाली आणि टेबलामागून बाजूला झाली.

प्रार्थना औषध कालवू लागली. कालवता कालवता तिनं जगन्नाथरावांना विचारलं, "याला काय आवडतं, अज्जा?" त्यांनी वाटीत हळदीचं पाणी ओतलं, नातवाचं डावं मनगट धरलं आणि बोटं त्यात बुडवली. पोरगं पाण्यात गुंगलं. विद्याश्रीनं पर्स उघडून एक कागद काढला. घडीवर घडी पडून मऊ झालेला, तोच सभेतला कागद. तिनं तो उलगडला, सगळा वाचला, आणि त्यातला एकच प्रश्न विचारला.

"याला आणखी काही होणार नाही ना?"

प्रार्थनानं हातातलं काम थांबवलं, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "दंड दुखेल आज," ती म्हणाली. "आठवड्यानं बारीक ताप येईल, कदाचित अंगावर थोडं पुरळ. दोन दिवसांत जातं. त्याच्या बोलण्या-चालण्यावर याचा काही परिणाम होत नाही, हे लाखो मुलांत बघून ठरलंय, त्यात धनुषसारखीही होती. आणि सोमवारी लागण झालीच असेल तर ही सुई शंभर टक्के अडवेल असं नाही सांगत मी, पण आज आपल्या हातात एवढंच आहे. घाबरलात तर मला फोन करा. मी घरी येईन."

विद्याश्रीनं मान हलवली आणि मुलाची उजवी बाही वर केली. सुई गेली. धनुष एकदाच किंचाळला, आणि पुन्हा हळदीच्या पाण्याकडे वळला. काळ्या अंगठ्यावर मार्करनं खूण करायला आता जागाच नव्हती. प्रार्थना हसली आणि मार्कर ठेवून दिला. तिघं जसे आले तसे गेले. जाताना विद्याश्री प्रार्थनाला "येते" म्हणाली.

वहीत लिहायचं काम तेवढं भानुमतीचं उरलं होतं. मुलाचं नाव, वय, कुपी फोडल्याची वेळ. वेळ बघायला तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की प्रार्थना खुर्ची ओढून बसली ते उठली, एवढ्यात मिनिटसुद्धा झालं नव्हतं. एक मिनिट! तेहेतीस वर्षांच्या नोकरीत तिच्याजवळ ते नव्हतं, असं कोण म्हणेल?

"गाढव," भानुमती म्हणाली. प्रार्थनानं दचकून बाकाकडे पाहिलं, पण बाकावर कोणीच आई बसलेली नव्हती.